हरणाला मागून बघायचं असतं

हरणाचं तोंड शेवटपर्यंत चांगलं दिसतं. हे मला मॅडमनी शिकवलं. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही कधीकधी वाटतं.

कामाचा पहिला आठवडा होता. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात, वरच्या अंगाला एका कोरड्या ओढ्याच्या काठी आम्ही दोघं गपचूप बसलेलो. समोर झाडीत सांबराची मादी उभी होती. मी दबक्या आवाजात म्हटलं, "मॅडम, काय तब्येत आहे हिची!"

"कशावरून?"

"तोंडावरून. केवढी टवटवीत आहे."

"तोंडाकडे बघायचंच नाही," मॅडम म्हणाल्या. "मोठे डोळे, मोठे कान, ओलं नाक. तोंड बघत बसलास तर जंगलातलं प्रत्येक हरीण तुला धडधाकट वाटेल. मागून बघ. शेपटीच्या मुळाशी खड्डा पडलाय का? कमरेची हाडं वर आलीयत का? कणा कातड्याखालून वेगळा दिसतो का? मग बरगड्या."

मादी वळली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना मूठ बसेल एवढे खड्डे होते.

पाचपैकी मार्क द्यायचे असतात. गोल, भरलेलं मागलं अंग म्हणजे पाच. एक म्हणजे हाडांवर वाळत घातलेलं कातडं. शाळेत मी मार्क फार घेतले नाहीत. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आता मार्क द्यायचं काम मिळालेलं, आणि मी ते मन लावून शिकलो. इतकं, की नजरच बिघडली. दिवा स्टेशनच्या पुलावरून पुढे चालणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघितलं की मनात आकडा उमटतो. तीन. अडीच. मला तो नको असतो. तरी उमटतो.

मी चंद्रपूरच्याही पलीकडचा. आमच्याकडे चितळं शेतात येतात, डबे वाजवून हाकलावी लागतात. हरीण म्हणजे लांब राहून बघायची गोष्ट आहे, हे मला माहीतच नव्हतं. दिव्याला मी चुलतभावाकडे राहायला आलेलो. दादा शीळफाट्याच्या एका गोदामात सुपरवायझर. "गावात काय करून राह्यला बे? ये इकडं," असं फोनवर म्हणाला आणि मी आलो. वहिनी इकडचीच, ठाण्यात वाढलेली, बोलायला फटाफट. त्यांची एक मुलगी, पहिलीतली. एक खोली, स्वयंपाकघर आणि बाहेर गॅलरी. गॅलरीत माझी गादी. नात्यातल्या माणसाला एवढ्याशा जागेत कोण घेतं? त्यांनी घेतलं. टँकर आला की पाण्याचे कॅन मी वर चढवायचो, तेवढीच माझी परतफेड.

आधी काही महिने दादाच्या गोदामात खोकी उचलली. मग ओळखीतल्या एका वनरक्षकाने सांगितलं, की जनावरांच्या एका डॉक्टरबाईंना रानात पायी फिरणारा माणूस हवाय. शिक्षणाची अट नव्हती. रानाची भीती नसावी आणि घाणीची किळस नसावी, एवढंच. मॅडम हरणांच्या अंगातल्या परजीवींचा अभ्यास करायच्या. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे: पोटातले जंत, कातडीवरच्या गोचिडी. त्यासाठी रानातून हरणांच्या ताज्या लेंड्या गोळा करायच्या, डबीत भरायच्या, ठाण्याच्या त्यांच्या खोलीवर आणायच्या. तिथे मिठाच्या दाट पाण्यात लेंडी कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. साबुदाण्याच्या आकाराची, आत काहीतरी वळवळायच्या बेतात असलेली. मला त्या रात्री साबुदाण्याची खिचडी गेली नाही.

घरी मात्र गंमत झाली. दारात आलो की पोरगी ओरडायची, "लेंडीकाका आला!"

"आधी हात धुवा," आतून वहिनी. "मग पाय. मग परत हात. मग आत या."

दादा म्हणायचा, "अख्ख्या खानदानात कोणी डॉक्टर झाला नाही, हा हागणदारीचा डॉक्टर झाला."

मीही हसायचो. हसायला बरं वाटायचं.

जंतांची भीती मला लहानपणापासूनची. आमच्याकडे पोर वाळलं की माय पळसाच्या बिया कुटून गुळातून द्यायची आणि म्हणायची, आतून कोणी खाऊन राहिलं आहे. मॅडमना मी विचारलं, एवढी अंडी म्हणजे ही सगळी हरणं मरणार का?

"जंत सगळ्यांच्यात असतात," त्या म्हणाल्या. "पाच मार्कांच्या हरणातही असतात. पोटभर चारा असला की हरीण त्यांना पोसतं आणि स्वतःही जगतं. चारा आटला, पिल्लू अंगावर पीत असलं, की मग तेच जंत भारी पडतात. मग हरीण अशक्त होतं. अशक्त झालं की अंगात ताकद नाही, मग जंत आणखी वाढतात. आधी काय झालं आणि नंतर काय, हे बाहेरून कळत नाही."

"म्हणजे खायला कमी पडलं तरच..."

"बहुतेक वेळा."

हे मी विसरलो नाही. पुढे जे झालं त्यात हेच वाक्य मला सारखं ऐकू यायचं.

त्या उन्हाळ्यात टँकर वेळेवर येत नव्हता. एका रविवारी सगळ्यांचीच डोकी तापलेली. मी पंख्याखाली दिवाणाच्या कोपऱ्यात बसलेलो. वहिनीला केर काढायचा होता.

"उठा की भावजी! गोचिडीसारखे चिकटून बसलात सकाळपासून."

दादा हसला. मी पण हसत उठलो. पोरीने विचारलं, "गोचीड म्हणजे काय?"

आता त्या घरात गोचिडीवर बोलायचा हक्क माझाच. मी सांगितलं, की हरणाच्या कानामागे, शेपटीखाली, जिथे त्याचं तोंड पोचत नाही तिथे ती बसते. तोंड रुतवते, रक्त पिते, फुगते आणि मग गळून पडते.

"हरणाला कळत नाही?"

"एका गोचिडीचं काही कळत नाही."

पोरीने माझ्याकडे नीट बघितलं. "मग काका, तुम्ही आमचं काय पिता?"

"पाणी!" वहिनी म्हणाली. "टँकरभर."

दादाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. वहिनी हसली, केर काढून मोकळी झाली आणि पाच मिनिटांत विसरली. मी बाहेर गॅलरीत गेलो, गादी गुंडाळली, आणि ती गुंडाळी किती जागा अडवते ते बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून मी म्हणायला लागलो, "जेवून आलोय."

हे वाक्य कोणी तपासत नाही. गावी तपासत नाहीत, इकडेही नाही. समोरचा एकदा आग्रह करतो, दुसऱ्यांदा करतो, मग तुमचा मान राखून सोडून देतो. संध्याकाळी घरी आलो की वहिनी विचारायची, "वाढू?" मी म्हणायचो, "मॅडमकडे जेवून आलोय. घासभर भात द्या फार तर." सकाळी ती डबा भरायला निघाली की म्हणायचो, "तिकडे देतात हो." आणि दुपारी ओढ्याकाठी मॅडम डबा उघडून म्हणायच्या, "ये, दोन पोळ्या घे," तेव्हा मी म्हणायचो, "नको मॅडम, घरून जेवून आलोय." पगार बराचसा गावी जायचा, बाहेर चहा-पाव व्हायचा, कधी वडापाव. सुरुवातीला पोट बोंबलायचं. मग त्याला सवय झाली. दोन्ही घरी मी जेवलेला माणूस होतो आणि दोन्ही घरी माझं कौतुक होतं, की याला कसली हाव नाही.

रविवारी मायचा व्हिडिओ कॉल यायचा.

"जेवला का गा?"

"हो माय. जेवून आलो."

ती फोन डोळ्यांजवळ धरून बघायची. "तोंड त बरं दिसते."

मी फोन आणखी जवळ घ्यायचो. नुसतं तोंडच दिसेल एवढा.

ती पहिली मादी तोवर माझ्या ओळखीची झालेली. तिच्या डाव्या कानाला खाच होती, कुठल्याशा काटेरी तारेने कापल्यासारखी. त्यावरून ती लांबूनही कळायची. मागे एक पाडस असायचं, बरंच मोठं, तरी अधूनमधून आईच्या पोटाखाली तोंड घालणारं. तिच्या गळ्याखाली केस गेलेला एक लालभडक ओला चट्टा होता. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं बिबट्याने धरलं असावं. मॅडम म्हणाल्या, पुष्कळ सांबरांना असतो असा. काही जण म्हणतात त्यात बारीक कृमी असतात, काही म्हणतात ती ग्रंथी आहे. "नक्की कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. मला ते फार भीतीदायक वाटलं. एवढं उघड्यावर, गळ्याशी, आणि कोणाला माहीत नाही.

उन्हं चढत गेली तशी ती उतरत गेली. आधी कण्याची धार दिसायला लागली. मग कमरेची हाडं. मैना तिच्या पाठीवर बसून कानामागच्या गोचिडी टिपायच्या, आणि ती कान हलवायचीही थांबली. लेंड्या बांधीव येईनात. मऊ, शेणासारख्या पडायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात अंडीच अंडी.

मी मॅडमना म्हटलं, "गुळाच्या ढेपेत औषध घालून ओढ्यावर ठेवूया का? मी ठेवून येतो. माझ्या मायला पळसाच्या बिया पाठवायला सांगतो, त्या तर रानातल्याच आहेत."

"नाही."

"एवढ्या एकीला."

"ढेप काय नाव विचारून चाटू देणार आहे?" त्या जराशा रागावल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रानातल्याला आपण औषध द्यायचं नाही. आपण बघतो. एवढंच काम आहे आपलं. मलाही जड जातं."

दुसऱ्याच दिवशी चढावर माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. मी करवंदीच्या जाळीला धरून उभा राहिलो, बूट बांधायचं नाटक केलं. पुढे चाललेल्या मॅडमनी वळून बघितलं.  आधी त्या नेहमी पुढे चालायच्या, त्या दिवसापासून म्हणायला लागल्या, "तू हो पुढे."

मी पुढे चालायचो आणि मागून त्यांची नजर लागायची. पट्ट्याला मी खिळ्याने नवीन भोकं पाडलेली. पँट मागे चुण्या घेऊन गोळा व्हायची. मला माहीत होतं त्या कुठे बघतायत. मलाच तर शिकवलेलं. मी शर्ट बाहेर काढून चालायला लागलो. ओढ्यावर पोचलो की मला विचारावंसं वाटायचं, किती दिले मॅडम? दोन? विचारलं नाही. चक्कर येऊन पडलो तर काम जाणार, काम गेलं तर दिव्याची गॅलरी जाणार, आणि मग परत गाव, जिथे मी काहीतरी झालो असं माय सगळ्यांना सांगून बसलेली. तिला कुठल्या तोंडाने भेटणार? त्याच, चांगल्या दिसणाऱ्या.

एका संध्याकाळी वहिनीनेही ओळखलं. "भावजी, तुमचं पोट तपासून घ्या. दिवसभर त्या लेंड्यांत हात घालता. जंत झाले असतील."

हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं, काय सांगू! जंत. म्हणजे कोणाची चूक नाही. एक गोळी घेतली की झालं. कोणाला काही सांगायला नको, कोणी काही विचारायला नको. मॅडमनीही त्याच सुमारास सांगितलं, की जनावरांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनी रक्त-शौच तपासून घ्यायचं, त्या स्वतःही देणार आहेत. मी डबी देऊन आलो आणि त्या दिवसापासून मनातल्या मनात प्रार्थना करायला लागलो, देवा, माझ्यात जंत निघू देत. आडवा पडलो की पोटात काहीतरी हललं असं वाटायचं. मी हात ठेवून वाट बघायचो. कोणीतरी आहे. मी एकटा नाही. मी खातो, ते दुसरं कोणी खातंय.

रिपोर्ट यायच्या आधी ती मादी मेली.

वनरक्षकाचा फोन आला. ओढ्याच्या वळणावर, सावलीत, पाय मुडपून ती बसल्यासारखी पडलेली. डोळे उघडे. कानाला खाच. समोरून बघितलं तर कोणीही म्हणालं असतं, विश्रांती घेतेय. पाडस कुठे दिसलं नाही.

तिथेच कापून तपासायचं ठरलं. परवानगी घेऊन अधिकारी आले, मॅडमनी हातमोजे चढवले, मी पाय धरायला होतो. पाय एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं. चौथं पोट उघडलं. हरणाला गाईसारखी चार पोटं असतात. आतल्या अस्तरावर केसांएवढे जंत, लाल आणि पांढऱ्या रंगाचा पीळ असलेले, राखीच्या दोऱ्यासारखे. ती मेलेली होती आणि ते अजून हलत होते.

"हे अजून जिवंत आहेत," मी म्हटलं.

"थोडा वेळ." मॅडमनी मान वर केली नाही. "यांना हिच्याशिवाय घर नाही. हीच गेली, तर हे कुठे जाणार?"

मला माझी गुंडाळलेली गादी आठवली.

शेवटी त्यांनी मांडीचं हाड फोडायला सांगितलं. मी फोडलं. आत लाल, पाणचट, जेलीसारखं काहीतरी होतं, हाड कलतं केलं तर वाहून जाईल असं. "ही मज्जा," त्या म्हणाल्या. आमच्यात मज्जा म्हणजे गंमत. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "हाडाच्या आतली. इथे पांढरी, घट्ट चरबी असायला हवी. अंगाला खायला कमी पडलं की ते आधी पाठीवरची चरबी खातं, मग पोटातली, मग मूत्रपिंडाभोवतीची. सगळ्यात शेवटी ही. ही गेली म्हणजे तिने खर्चायचं काहीच ठेवलेलं नव्हतं."

"म्हणजे जंतांनी खाल्लं नाही? तिचं तिनेच खाल्लं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि त्या वेळी तोंडाकडे बघितलं.

शनिवारी रिपोर्ट आले. मी मॅडमच्या खोलीवर स्टुलावर बसलेलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. बरंच कमी आहे. बाकी तुझ्या पोटात काहीच नाही."

त्यांना म्हणायचं होतं जंत नाहीत. पण ते वाक्य त्या खोलीत जसं पडलं तसंच राहिलं. तुझ्या पोटात काहीच नाही. मला वाटलं, चोरी पकडली. मी मान खाली घातली.

"नीट बघितलं का त्यांनी?" मी विचारलं. "निदान एखादा तरी असेल."

 कामाला ठेवताना मी वहिनीचा नंबर दिलेला, तो मॅडमनी फोनमध्ये शोधला आणि स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. मी उठायला लागलो तर हाताने खूण केली, बस.

"नमस्कार, मी तुमच्या दिराच्या कामावरून बोलतेय. घाबरू नका, तो इथेच आहे माझ्यासमोर."

"काय झालं? पडले का कुठे?"

"नाही, नाही. एक विचारायचं होतं. सकाळी काय खाऊन निघतो तो?"

"सकाळी? चहा. डबा देते म्हटलं तर नको म्हणतात. दुपारी तुमच्याकडे असतंच ना त्यांचं जेवण."

"आणि रात्री?"

"रात्री पण तुमच्याकडूनच जेवून येतात. कधी घासभर भात घेतात, मी फारच मागे लागले तर..." वहिनी थांबली. "मॅडम, तुमच्याकडे जेवतात ना ते?"

"मला तो सांगतो, घरून जेवून आलोय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. मी टेबलावरच्या फोनकडे बघत होतो, जसं काही तो फोडलेल्या हाडासारखा उघडा पडलाय.

"स्पीकरवर आहे का हा फोन?" वहिनीने विचारलं.

"हो."

"भावजी, घरी या."

फोन कट.

ठाण्याहून दिव्यापर्यंत मी मनात कपडे आवरत होतो. टॉवेल, दोन शर्ट, मायने दिलेली चादर. वहिनीने दार उघडलं. हात धुवा म्हणाली नाही. तिने ताट वाढलं, समोर ठेवलं आणि मी शेवटचं शीत उचलेपर्यंत समोर बसून राहिली. दादा आला, त्याला तिने स्वयंपाकघरात नेऊन काहीतरी सांगितलं. तो बाहेर येऊन माझ्याकडे बघून म्हणाला, "काऊन बे, असं काऊन?" तो तसाच उभा राहिला, शर्टाची बटणं काढत.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा मटण घेऊन आला. दुपारी सगळे जेवायला बसलो आणि वहिनीचं तोंड सुटलं.

"कोण काय बोललं तुम्हाला? सांगा. या घरात तुम्हाला कोणी काय बोललं?"

"कोणी नाही वहिनी."

"आई, तू बोललेलीस," पोरगी म्हणाली. "गोचीड."

वहिनीचा हात पातेल्यावर थांबला. "मी? कधी?"

"केर काढताना. आणि टँकरभर पाणी पण."

वहिनी दादाकडे बघायला लागली. दादा भाकरीकडे.

"मग, बोलले असेन!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "यांना पण बोलते. माझ्या आईला पण बोलते, आली की पंधरा दिवस हलत नाही ती. पाहुण्याला कोण गोचीड म्हणेल? पाहुण्याला या-बसा म्हणतात. घरातल्याला म्हणतात गोचीड! एवढं कळत नाही तुम्हाला? कसली हरणं बघता तुम्ही?"

मला खरंच कळलं नव्हतं. आमच्या घरी शिव्या निराळ्या होत्या.

"नळी त्याला वाढ," दादा हळूच म्हणाला. नळी नेहमी त्याची असायची. ताटावर ठोकून, चोखून, पुन्हा ठोकून खायचा, शेजारच्या खोलीला ऐकू जाईल असा.

वहिनीने पळीत नळी घेतली आणि माझ्या ताटाकडे आणली. माझा हात आपोआप ताटावर आडवा गेला. पुरे म्हणायचा हात. त्याला एवढ्या दिवसांची सवय झालेली, तो मला विचारून गेलाच नाही.

"हात काढा."

मला काढता येईना. पळीतल्या हाडाच्या उघड्या टोकाकडे मी बघत होतो. मला तिथे ते लाल पाणी दिसत होतं.

"हात काढा भावजी, नाहीतर हातावर वाढीन."

रश्श्याचा थेंब मनगटावर पडला. चटका बसला तसा हात निघाला, आणि नळी ताटात आली. मी ती उचलली, ठोकली. पहिल्यांदा काही आलं नाही. पोरगी म्हणाली, "जोरात काका." जोरात ठोकली. पांढरा, घट्ट, गरम गर भातावर पडला. मी तो बघत राहिलो आणि मला रडू आलं. वहिनी म्हणाली, "तिखट झालंय थोडं," आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. भरलेला.

आता मी डबा नेतो. दोन डबे म्हणायला हवेत, कारण मॅडमनी त्यांच्याकडून एक चालू केलाय आणि वहिनीला हरायचं नाहीये. चढावर आता काळोख येत नाही. पट्ट्याची जुनी भोकं परत कामाला आली. एकदा मी मॅडमना विचारलं, मज्जा सगळ्यात शेवटी जाते, तर परत भरताना ती आधी भरते की शेवटी?

त्या विचारात पडल्या. "मी कधी बघितलं नाही," म्हणाल्या. "ज्यांची परत भरते त्यांना आपण कापत नाही ना."

पावसानंतर ओढ्याच्या त्याच वळणावर मला एक तरुण सांबर दिसलं. एकटंच. गवत चिकार होतं. पाडस तेच होतं का, सांगता येत नाही. त्याला कुठे काही खाच नव्हती. ते माझ्याकडे तोंड करून उभं होतं, कान ताठ, नाक ओलं, डोळे मोठे. फार सुंदर दिसत होतं. माझ्या मांडीवर वहिनीचा डबा उघडा होता, भाजीचा वास वाऱ्यावर गेला असेल, तरी ते हललं नाही.

मी घास हातात धरून ते वळायची वाट बघत बसलो.